माहितीसंचयाच्या पाठांतील परस्परतपासणी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दोन गोष्टी सांगितलेल्या आहेत. उच्च प्राथमिक वर्गांतील मुलांना संगणकासाठी आज्ञालेखन करण्याची ओळख करून द्यावी, ही एक. आणि प्रगतिपुस्तकात सहाध्यायांनी केलेल्या मूल्यमापनासही स्थान असावे, ही दुसरी. आपण या दोहोंचा विचार निरनिराळा करतो. माहितीसंचयाच्या पाठात मात्र पहिली गोष्ट दुसरीवाचून नीट साधत नाही, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

माहितीसंचय आपणांस परका नाही. हजेरीपट व जनरल रजिस्टर ही त्याचीच कागदी रूपे होत. सारी माहिती ओळी व रकाने यांच्या तक्त्यांत ठेवून समान क्रमांकासारख्या खुणेने एक तक्ता दुसऱ्यास जोडावा, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी अशा तक्त्यांस प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली.

या भाषेत शब्द चुकला तर यंत्र अडते आणि तक्रार करते. विचार चुकला तर मात्र ते मुकाट्याने नीटनेटके उत्तर देते. समजा, पटावर ४० मुले आहेत. गणितात ३५ हून कमी गुण असणाऱ्यांची यादी मागितली. ६ नावे आली. ३५ किंवा अधिक गुणांची मागितली, ३१ आली. उरलेली ३ मुले गेली कोठे? ती परीक्षेस गैरहजर होती व त्यांचे रकाने रिकामे आहेत. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. तो ३५ हून लहान आहे काय, या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या लेखी ‘होय’ नाही आणि ‘नाही’ही नाही, ते ‘अज्ञात’ आहे, आणि अज्ञाताला यादीत प्रवेश नाही. ‘इज नल’ या शब्दांनी त्यांची स्वतंत्र विचारणा करावी लागते. गणवेशाच्या वा शिष्यवृत्तीच्या याद्याही अशाच प्रश्नांतून निघतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या तीन नावांचे मोल कळते.

ही चूक लिहिणाऱ्यास सहसा दिसत नाही, कारण त्याच्या मनातल्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नसतो. म्हणून वह्या बदलाव्यात. तपासणाऱ्याने प्रथम तो प्रश्न मराठीत मोठ्याने वाचावा : “गुणांच्या तक्त्यातून ज्यांचे गुण ३५ हून कमी, त्यांची नावे दे.” नंतर त्याने तक्त्यात अशी एक ओळ घालावी, की जिच्यामुळे उत्तर चुकेल. गैरहजर मुलाची, एकाच नावाच्या दोघांची, नव्याने दाखल झालेल्या व गुणांच्या तक्त्यात ओळच नसलेल्या मुलीची. अशी ओळ शोधताना तपासणाराच अधिक शिकतो.

परस्परांस गुण देण्याची मुभा मात्र देऊ नये. गुण आले की मैत्री आणि रुसवे आले. नावे झाकण्याचा उपायही आपल्याकडे व्यर्थच. तीस मुलांच्या वर्गात कोण कोणाचे अक्षर ओळखत नाही? आक्षेपाची ओळ आणि एक प्रश्न, एवढेच लेखी द्यावे. मूळ लेखकाने दुरुस्ती करावी, किंवा आपले बरोबर कसे हे पटवून द्यावे. शिक्षकाने पाहावयाचे ते हे की, आक्षेप खरा होता काय.

कित्येकदा दोघांचेही खरे असते. ४०, ६० आणि एक रिकामा रकाना यांची सरासरी यंत्र ५० देते, कारण रिकामा रकाना ते मोजतच नाही. त्यास शून्य मानले तर ती सुमारे ३३ होते. यांतील योग्य कोणती, हे यंत्र सांगू शकत नाही. सरासरी कशासाठी हवी, यावर ते ठरते. असा वाद वर्गात निघाला तर तो घाईने मिटवू नये.

साधनांची सबब फारशी टिकत नाही. एसक्यूलाइट हे विनामूल्य साधन जुन्या संगणकावरही चालते. तेही नसेल तर प्रत्येक ओळीस एक चिठ्ठी करावी. एका मुलाने यंत्र व्हावे व लिहिलेल्या प्रश्नाबरहुकूम चिठ्ठ्या उचलाव्यात, स्वतःची अक्कल न चालविता. मात्र पहिल्याच दिवशी त्या चिठ्ठ्यांत एक गैरहजर मूल अवश्य असावे.