डॉक्टरांचा सल्ला आणि रोग्याचा होकार

औषध बाटलींतून देतां येतें. संवय मात्र बाटलींतून बदलतां येत नाहीं. ती रोग्यानेंच, आपल्या घरीं, डॉक्टर समोर नसतांना बदलावयाची असते. म्हणून पथ्याचा सल्ला किती शास्त्रशुद्ध आहे याइतकेंच तो कोणत्या नात्यानें दिला गेला यालाही महत्त्व आहे.

मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या दवाखान्याचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. एका वृद्ध मच्छिमारास रक्तदाबाचा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसाच्या पोटांत दिवसाकाठीं ५ ग्रॅमपेक्षां, म्हणजे चहाच्या चमचाभरापेक्षां, कमी मीठ जावें. डॉक्टर बजावतात, ‘खारी मासळी बंद!’ म्हातारा ‘होय, डॉक्टरांनू’ म्हणून मान हलवितो. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या, ताजी मासळी दुर्मिळ झाली, कीं त्याच्या पेजेबरोबर खारा बांगडा पुन्हां येतो. त्याचा होकार ही लबाडी नव्हे. मोठ्या माणसाचा मान राखण्याची ती रीत आहे. पण पुढील खेपेस बोलणीं खावीं लागतील या भीतीनें तो दवाखानाच टाळतो; मग गोळ्याही सुटतात आणि अर्धांगवायूचें भय दाराशीं येऊन उभें राहतें.

त्याच रोग्यास डॉक्टरांनीं प्रथम विचारावें, ‘आबा, पावसांत जेवणाला काय असतें?’ म्हणजे बोलणें निराळ्या वाटेनें जातें. पेजेंत वेगळें मीठ नको, बांगडा रोज नको, आणि करावयाचा त्या दिवशीं तो रात्रभर पाण्यांत भिजवून तें पाणी टाकून द्यावें, असा मार्ग दोघांना मिळून काढतां येतो. चूल जिच्या हातीं आहे त्या घरधनिणीसही या बोलण्यांत बसवावें.

लंडनमधील २८ डॉक्टरांच्या २१३८ धूम्रपान करणाऱ्या रोग्यांवरील एक प्रयोग १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना कांहींच सांगितलें नव्हतें, त्यांपैकीं शेकडा ०.३ जण वर्षभर व्यसनापासून दूर राहिले. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकीं शेकडा ३.३, आणि सल्ल्यासह पत्रक देऊन ‘पुढें चौकशी करूं’ असें ज्यांना सांगितलें, त्यांपैकीं शेकडा ५.१. आंकडे लहान खरे. पण तें मिनिट-दोन मिनिटांच्या बोलण्याचें फळ होतें.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनीं १९८३ सालीं मद्यपींच्या उपचारासंबंधीं असाच विचार मांडला. उपदेशक जितका वाद घालतो, तितका रोगी जुन्या संवयीची बाजू घेतो. बदलाचीं कारणें रोग्याच्याच तोंडून निघालीं पाहिजेत. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत ‘आशा’ कार्यकर्ती त्याच गांवची असावी असें ठरविलें गेलें, त्यांतही हेंच शहाणपण आहे. कोणाच्या घरीं काय शिजतें हें तिला विचारावें लागत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतही गोष्ट निराळी नाहीं. तेथेंही पथ्याचा कागद कपाटांत राहतो आणि डॉक्टरांपुढें ‘सर्व पाळतों’ असें सांगितलें जातें. ‘पथ्य साधलें नाहीं’ असें रोग्यास निर्भयपणें सांगतां यावें आणि डॉक्टरांनीं तें न रागावतां ऐकावें. खऱ्या उपचारास तेथूनच आरंभ होतो.