ग्रंथालय आतां कशासाठीं ?



खिशांतील फोनवर हवें तें पुस्तक घरबसल्या मिळत असतां गांवोगांवच्या सार्वजनिक ग्रंथालयांवर खर्च कां करावा, असा प्रश्न हल्लीं सुशिक्षित माणसेंहि विचारूं लागलीं आहेत. प्रश्न गैर नाहीं. मात्र त्याचें उत्तर भावनेच्या भरांत न देतां हिशेबानें दिलें पाहिजे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, ग्रंथालयाचें काम आजवर एकसारखें राहिलेलें नाहीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. त्या काळीं ग्रंथ दुर्मिळ आणि महाग. चार जणांनीं मिळून ते आणावे व आळीपाळीनें वाचावे, हा वाचनालयाचा साधा उपयोग. १८९८ सालीं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, तें मराठी ग्रंथांचा संग्रह व्हावा या हेतूनें. म्हणजे देवघेवीला जतनाची जोड मिळाली. पुढें १९१० सालीं श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस बडोद्यास पाचारण केलें, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या. ग्रंथालयानेंच वाचकाच्या दारीं जावें, ही कल्पना तेव्हांपासूनची आहे. हें शेवटचें काम आज फोन करतो, आणि चांगलें करतो. त्याबद्दल खेद मानण्याचें कारण नाहीं.

मग ग्रंथालयाकडे उरलें काय ? माझ्या मतें तीन कामें उरलीं आहेत, आणि तीं पूर्वींपेक्षां अवघड आहेत.

पहिलें जतनाचें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लांकडाच्या लगद्याचा कागद प्रचारांत आला. त्यांतील आम्लामुळें तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि पान उलटतांना त्याचा तुकडा हातांत येतो. जुन्या मराठी मासिकांचे पुष्कळसे अंक अशाच कागदावर छापलेले आहेत. त्यांच्या छायाप्रती घेतल्याच पाहिजेत. पण तेवढ्यानें ग्रंथ अमर झाला असें समजूं नये. या शतकाच्या आरंभीं ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या योजनेखालीं लक्षावधि पुस्तकांच्या प्रती संगणकावर घेण्यांत आल्या. त्यांत मराठी पुस्तकेंहि होतीं. कांहीं वर्षांनीं तें संकेतस्थळ बंद पडलें. त्यांतील पुष्कळ पुस्तकें आज वाचतां येतात, तीं १९९६ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेकडे नकला पोंचल्या होत्या म्हणून. ई-पुस्तकांची गोष्ट याहून नाजूक आहे. छापील पुस्तक विकत घेतलें कीं तें ग्रंथालयाच्या मालकीचें होतें. ई-पुस्तकाचा बहुधा मुदतीचा परवानाच मिळतो. मुदत संपली कीं कपाट रिकामें !

दुसरें काम शोधून देण्याचें. वर सांगितलेल्या संग्रहांत कित्येक मराठी ग्रंथांचीं नांवें रोमन लिपींत आणि तींहि अशुद्ध नोंदलेलीं आढळतात. असा ग्रंथ असून नसल्यासारखाच. वाचकाचा वेळ वांचवावा, हें रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं मांडलेल्या पांच सूत्रांपैकीं चौथें सूत्र. माहितीचा पूर आलेल्या आजच्या काळांत तें अधिकच खरें ठरलें आहे. जाणता ग्रंथपाल दहा मिनिटांत जें हातीं देतो, तें शोधण्यास अनभ्यस्त वाचकाला दहा दिवसहि अपुरे पडतात.

तिसरें काम जागेचें. ज्या घरांत खोली एक, फोन एक आणि शिकणारीं मुलें तीन, तेथें “सर्व कांहीं घरबसल्या मिळतें” हें बोलणें पोंचत नाहीं. अशा मुलाला शांत टेबल, दिवा, संगणक आणि “काय हवें ?” असें आपुलकीनें विचारणारें माणूस ग्रंथालयांतच भेटतें.

आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. १९७० च्या नियमांनीं अनुदानासाठीं अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, ते मुख्यतः ग्रंथ, नियतकालिकें आणि सभासद यांच्या संख्येवरून. त्या काळीं हें माप योग्यच होतें. परंतु किती जीर्ण अंक वांचविले, किती ग्रंथांची सूची सर्वांस खुली केली, याची मोजदाद संख्येंत होत नाहीं. आणि ज्याची मोजदाद नाहीं, त्यावर पैसा खर्च होत नाहीं.

म्हणून आपणांस एक विनंति आहे. आपल्या गांवच्या ग्रंथालयाचे सभासद व्हा, आणि त्याच्या वार्षिक सभेंत एवढेंच विचारा कीं, अन्यत्र न मिळणारे असे कोणते ग्रंथ आपल्या कपाटांत आहेत ? त्यांची यादी करवा. लेखकाच्या निधनाला ६० वर्षें उलटून गेलीं असलीं कीं त्याचें लेखन आपल्या कायद्यानें सर्वांस खुलें होतें. तेव्हां अशा ग्रंथांची छायाप्रत घेण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. अडचण असते ती विचारणारा कोणी नसतो हीच. कसर आणि वाळवी मात्र वार्षिक सभेची वाट पाहत नाहींत.