गावातील रस्ता आणि वेगाची मर्यादा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी मला ह्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मुभाही दिली. ज्ञातीचा इतिहास, शिक्षणप्रसार, विवाहातील वाढता खर्च हे विषय ह्या व्यासपीठावर परंपरेने चालत आले आहेत आणि त्यांवर माझ्याहून अधिकारी मंडळी बोलतील. माझे सारे आयुष्य रस्ते बांधण्यात व दुरुस्त करण्यात गेले. सबब मी रस्त्याविषयीच बोलणार आहे. विषय रुक्ष आहे हे मी जाणतो. परंतु आपल्या वसतिगृहातील मुले दररोज निदान दोन वेळा राज्यमार्ग ओलांडून महाविद्यालयात जातात, एवढे स्मरण दिले म्हणजे तो येथे अस्थानी वाटू नये.

दोन वर्षांपूर्वी त्याच ठिकाणी आपल्या एका विद्यार्थ्यास भरधाव गाडीची ठोकर बसली. मुलगा वाचला, पण त्याचा डावा पाय पूर्ववत झाला नाही. त्यानंतर जे घडले ते आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. रास्ता रोको झाला, निवेदने दिली गेली, नगरपरिषदेने 'रस्ता आमचा नाही' असे कळविले, बांधकाम खात्याने 'वेग हा आमचा विषय नाही' असे सांगितले. अखेर आपल्याच तरुणांनी एका रात्रीत सिमेंटचा गतिरोधक उभारला. त्याला रंग नव्हता, अलीकडे सूचनाफलक नव्हता, आणि त्या टप्प्यातील दिवाही बंद होता. तीन आठवड्यांच्या आत अंधारात एक दुचाकी त्यावरून उसळली आणि मागे बसलेल्या भगिनी रस्त्यावर आपटल्या. तरुणांचा हेतू शुद्ध होता. तथापि रस्त्याला हेतू कळत नाही. त्याला उंची, रुंदी आणि अंतर एवढेच कळते.

म्हणून पहिला प्रश्न असा की वेगाची मर्यादा ठरविण्याचा अधिकार कोणाचा? मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या कलम ११२ मध्ये त्याचे उत्तर आहे. वाहनांच्या कमाल वेगाची वरची मर्यादा केंद्र शासन घालते. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ताशी ६० किलोमीटर असे आकडे दिले होते. त्या अधिसूचनेवर पुढे मद्रास उच्च न्यायालयात वाद झाला, तो भाग येथे सोडून देऊ. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तो आकडा केवळ छत आहे. त्याच कलमाने राज्य शासनास, किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्यास, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अथवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप पाहून त्याहून कमी मर्यादा घालता येते. अट दुहेरी आहे: राजपत्रात अधिसूचना निघाली पाहिजे, आणि योग्य जागी फलक उभा राहिला पाहिजे. अधिसूचनेवाचून लावलेला फलक ही केवळ विनंती होय. आणि फलकावाचून निघालेली अधिसूचना चालकाला दिसत नाही. आपल्या गावाच्या वेशीवर '३०' आकड्याचा एक गोल फलक आहे. त्याच्यामागे अधिसूचना आहे काय, हे विचारण्याचे कोणाच्याही मनात आजवर आले नाही. शिवाय वर्षातील निम्मे दिवस तो कोणा ना कोणा नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकलेला असतो!

दंड करण्याचा अधिकारही नगरपरिषदेचा नाही. तो पोलीस व परिवहन खात्याकडे आहे. हलक्या वाहनाने वेगमर्यादा मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली एक ते दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्यातही कायदा असे म्हणतो की 'गाडी फार वेगाने होती' असे एकट्या साक्षीदाराचे मत दोषसिद्धीला पुरे होत नाही. त्या मतामागे यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक साधनाचे मोजमाप हवे. तेव्हा चौकात उभे राहून कोणी कितीही ओरडले तरी त्याचा पुरावा होत नाही.

मग नगरपरिषदेच्या हाती उरते काय? आपले अनेक नगरसेवक 'काहीच नाही' असे मानून स्वस्थ बसतात, आणि माझा सारा वाद ह्या समजुतीशी आहे.

ही अडचण आजची नाही व आपल्या देशातच उद्भवलेली नाही. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा घातली होती, आणि पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे असा दंडक होता. मोटारी आल्यावर १९०३ च्या कायद्याने ती ताशी २० मैल झाली. त्या कायद्यातच एक शहाणपणाची तरतूद होती. एखादी जागा धोक्याची वाटल्यास तेथील स्थानिक संस्थेने वरिष्ठ मंडळाकडे अर्ज करावा, आणि मंडळाने तेथे ताशी १० मैलांची मर्यादा घालावी. निर्णय वरचा, पण मागणी खालची, अशी ही व्यवस्था. सप्टेंबर २०२३ मध्ये वेल्समध्ये वस्तीतील बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची सर्वसाधारण मर्यादा आली, तेव्हा तिच्याविरुद्ध साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. पुढे कोणत्या रस्त्यावर ती योग्य व कोणत्या रस्त्यावर ३० मैल परत आणावेत, ह्याचा फेरविचार स्थानिक कौन्सिलांकडेच आला. रस्त्याच्या कडेला शाळा कोठे आहे आणि बाजार कोणत्या वारी भरतो, हे राजधानीतील कचेरीला कळत नाही. ते गावालाच ठाऊक असते.

आपल्याकडेही अर्ज करण्याची वाट मोकळी आहे. कलम २१५ खाली राज्य शासनास जिल्हा रस्ता सुरक्षा समिती नेमता येते. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात अशा समित्या प्रत्येक जिल्ह्यात स्थापण्याविषयी निर्देश दिले. आपल्या राज्यात जिल्हाधिकारी हे तिचे अध्यक्ष असतात, आणि पोलीस, परिवहन व बांधकाम ही खाती तेथे एका मेजाभोवती बसतात. जी खाती आपणांस परस्परांकडे बोट दाखवितात, त्यांना एकत्र गाठण्याची हीच जागा आहे. नगरपरिषदेने सर्वसाधारण सभेत ठराव करून तो समितीकडे धाडावा, त्यासोबत त्या टप्प्यातील गेल्या तीन-चार वर्षांच्या अपघातांची नोंद जोडावी, आणि अमुक खांबापासून अमुक खांबापर्यंत ताशी ३० ची मर्यादा अधिसूचित करावी अशी मागणी करावी, ह्याला कोणताही कायदा आड येत नाही.

तीसच का, असे कोणी विचारील. हिशेब साधा आहे. रस्त्यात मूल आलेले दिसले, ते मेंदूला उमगले आणि पाय ब्रेकवर गेला, ह्यास सावध माणसालाही सुमारे दीड सेकंद लागतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी तेवढ्या अवधीत २५ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लागल्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे २० मीटर घसटते. म्हणजे एकूण ४५ मीटर, जवळजवळ दीडशे फूट. ताशी ३० च्या वेगाने हेच अंतर एकूण १८ मीटरांच्या आत, साठ फुटांच्या आत, संपते. आता मूल वीस मीटरांवर आहे अशी कल्पना करा. पहिल्या गाडीच्या चालकाचा पाय ब्रेकपर्यंत पोचण्यापूर्वीच गाडी मुलापर्यंत पोचलेली असेल, आणि तीही पूर्ण वेगाने. दुसरी गाडी मुलाच्या अलीकडे थांबलेली असेल. पावसाळ्यात हे अंतर वाढते, ते वेगळेच. फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने, जेथे पादचारी व वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी ३० ची मर्यादा असावी असे जाहीर केले, ते काही लहरीने नव्हे.

केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. एकंदर मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंस अतिवेग हे कारण नोंदले गेले. ह्या शेवटच्या आकड्याकडे मी किंचित सावधपणे पाहतो. पंचनाम्यात 'अतिवेग' लिहिणे सोपे असते. दिवा बंद होता, वळण चुकीचे होते, पदपथ नव्हता, हे लिहिले तर कोणा तरी खात्याला उत्तर द्यावे लागते.

आणि येथेच नगरपरिषदेचे खरे क्षेत्र सुरू होते. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ ह्याच्या कलम ४९ मध्ये तिची कर्तव्ये सांगितली आहेत. रस्त्यांवर दिवाबत्ती करणे, रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे, रस्त्यावरील अडथळे व पुढे आलेली बांधकामे दूर करणे, ही त्यांत आहेत. चालक फलक वाचून जितका हळू होतो त्याहून अधिक तो रस्त्याची रुंदी, वळण व रचना पाहून हळू होतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता त्याला स्वतःच पळण्याचे आमंत्रण देतो. चौकाचे कोपरे आवळणे, ओलांडण्याच्या जागी रस्ता अरुंद करून दोन्हीकडे पदपथ बाहेर आणणे, मध्ये थांबण्यास दुभाजकाचा ओटा ठेवणे, ही कामे नगरपरिषदेच्या स्वतःच्या रस्त्यांवर तिला कोणाच्या परवानगीवाचून करता येतात. राज्यमार्गावर ती बांधकाम खात्याच्या संमतीने होतात. गतिरोधकाचेही शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत त्याची उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि गोलाईची त्रिज्या १७ मीटर दिली आहे. असा उंचवटा ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्यास त्रास देत नाही. त्याच्या ४० मीटर अलीकडे सूचनाफलक व अंगावर चकाकणारे पट्टे हवेत. आपल्या तरुणांचा गतिरोधक दोन फूट रुंद आणि वीतभर उंच होता. २०१९ पासून कायद्यात कलम १९८-अ आले आहे. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल करणाऱ्या प्राधिकरणाने किंवा ठेकेदाराने ठरलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम नगरसेवकांच्या नजरेस अवश्य आणावे.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी अनेक गावी काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते, आणि ठराव मांडण्यास लोकांचा प्रतिनिधी नव्हता. आता आहे. आपल्या ज्ञातीचे दोन सदस्यही सभागृहात आहेत, व ते येथे पहिल्या रांगेत बसले आहेत ह्याचा मला आनंद वाटतो. त्यांनी उत्तर दिशेला पाहू नये. मी त्यांच्याकडेच पाहून बोलत आहे.

परंतु मंडळींनो, ठराव करण्यापूर्वी आपल्या दारापुढेही पाहिले पाहिजे. बाजारपेठेतील रस्त्याच्या पूर्वेकडील बहुतेक दुकाने आपल्याच बांधवांची आहेत. पादचाऱ्यासाठी पदपथावर किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळी वाट असावी असे मानक आहे. आपल्या बाजूस पायऱ्या, ओटे, पत्र्याच्या शेडा आणि मालाची खोकी ह्यांनी ती वाट काही ठिकाणी दीड फुटावर आली आहे, कित्येक ठिकाणी मुळीच उरलेली नाही. त्यामुळे बाया-मुले डांबरी रस्त्यावरून चालतात, आणि तेथेच त्यांना गाडी गाठते. मला हे ठाऊक आहे की एका ओट्यावर एका कुटुंबाची दुसरी मिळकत चालते, आणि ती सोडा म्हणणे सोपे नाही. पण ज्या सभेत आपला सदस्य 'वेग कमी करा' असा ठराव मांडील, त्याच सभेत विरोधी बाजूचा कोणी तरी आपल्या शेडांची छायाचित्रे दाखवील, आणि त्याचे म्हणणे खरे असेल. ज्यांना जागेची खरीच अडचण आहे त्यांच्यासाठी मागील गल्लीतील मंडळाच्या जागेत माल ठेवण्याची सोय करता येईल काय, ह्याचा विचार कार्यकारिणीने करावा. लग्नाच्या वरातीबद्दल मी आज बोलत नाही. राज्यमार्गावर दोन-दोन तास नाचणाऱ्यांना वेगमर्यादेची तक्रार करण्याचा अधिकार किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ठरावाचा मसुदा मी तयार करून कार्यवाहांकडे दिला आहे. त्यात तीन मागण्या आहेत: वसतिगृहापासून बाजारपेठेच्या टोकापर्यंत ताशी ३० ची अधिसूचित मर्यादा, तो हाताने केलेला गतिरोधक काढून मानकाप्रमाणे उंचवटा व पट्टे, आणि त्या टप्प्यातील सर्व दिवे. वेशीवरच्या फलकामागील अधिसूचनेची प्रत मागणारा, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खालील दहा रुपयांचा अर्जही सोबत आहे; त्यावर एका सहीची गरज आहे. पदपथाची मोजणी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपणच टेप घेऊन करणार आहोत. पूर्वेकडील दुकानदार बंधूंनी त्या वेळी आपापल्या दुकानापाशी हजर राहावे, आणि मोजलेला आकडा वहीत लिहून त्यापुढे सही करावी.