हिरवळ आणि हरळी

घरापुढील राखीव हिरवळ ही मूळची विलायती हौस. तेथे पाऊस बारमाही. जालना जिल्ह्यात पाऊस बेताचा व उन्हाळा कडक, म्हणून येथे हिरवळ राखावयाची, तर खताच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, हे कोण विसरेल?

युरियाने गवत थोड्याच दिवसांत गडद होते खरे. परंतु ती वाढ कोवळी व अधिक पाणी मागणारी असते. त्यात रोज थोडे थोडे शिंपले, तर मुळे वरच राहतात आणि पाणी तुटताच गवत करपते.

उपाय दाराशीच आहे. राजूरच्या गणपतीस ज्या दूर्वा वाहतात व शेतकरी जिला तण म्हणून खणून काढतो, तीच ही हरळी. वरून वाळली तरी तिच्या काशा जमिनीत जिवंत राहतात व पावसाबरोबर फुटतात. तिला मोकळे ऊन मात्र हवे. पावसाळ्यारंभी कुजलेले शेणखत चाळून निंबोळी पेंडीसह पसरावे. कापताना पात्याचा तिसरा हिस्साच घ्यावा व कापलेले तेथेच पडू द्यावे. तेही खतच होय. पाणी क्वचित, पण खोलवर मुरेल असे, सकाळी द्यावे. लव्हाळा गाठींसकट खणावा. नुसता उपटल्यास तो पुन्हा उगवतो.

वैशाखात हिरवळ पिवळी पडली, तर ती मेली असे समजू नये. जेथे माणसांच्या घागरी रित्या राहण्याची वेळ येते, तेथे महिनाभर पिवळे राहणे हे अंगणाचे वैगुण्य नव्हे, शहाणपण होय.