मिठीला जागा कोणी द्यावी?



२६ जुलै २००५ रोजी आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शहराची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसापुरती, तीही ओहोटी धरून बांधलेली. तेव्हा मिठी कोपली असे म्हणणे सोपे आहे. पण विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत तिची वाट आम्हीच अडवली. विमानतळापाशी तिला वळविले, काठावर वस्ती केली, मुखाशी भराव घातला.

आता उपाय पारखू. गाळ काढावा, तर तो पुन्हा साचतो. भिंत नदीचे पाणी थोपविते, पण वस्तीतले पाणी तिच्याआड कोंडते. भरतीच्या वेळी पंप उपयोगी खरे, पण पाणी आधी पंपापर्यंत पोहोचले पाहिजे. पात्र रुंद करावे, तर तेथे माणसांचे संसार आहेत.

म्हणून प्रत्येक योजनेला आपण दोन प्रश्न विचारावेत. भरतीच्या त्या चार घटका पाणी कोठे थांबणार? आणि त्यासाठी ज्यांची घरे जातील, ते कोठे राहणार? तळी, मैदाने, तिवरांची राने राखली तर पहिल्याचे उत्तर काही अंशी मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र काठावरच्यांनी एकट्याने देऊ नये. भराव घालून ज्यांचा लाभ झाला, त्या आपण सर्वांनी ते द्यावे.