यकृताची कैफियत



प्रथेनुसार अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील संशोधनाचा आढावा अपेक्षित असतो. तो स्मरणिकेत छापला आहे. जिज्ञासूंनी तेथे पाहावा. या व्यासपीठावरून आज मांडायची आहे ती यकृताची कैफियत.

मधुमेह आणि व्यायाम यांवरची कोणतीही चर्चा घ्या. पहिला मान स्वादुपिंडाचा, दुसरा स्नायूंचा आणि शेवटचा कौल ग्लुकोमीटरच्या आकड्याचा. धावणाऱ्या माणसाची साखर क्षणाक्षणाला सांभाळणारा अवयव मात्र तपासणीच्या अहवालात एसजीपीटीच्या ओळीपुरता उरतो. ही उपेक्षा केवळ अभ्यासक्रमात राहिली असती तर प्रस्तुत वक्त्याने इतकी वर्षे ती मनात घोळवली नसती. तिची किंमत रुग्ण मोजतात.

साधा हिशेब मांडावा. निरोगी प्रौढाच्या साऱ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम 5 ग्रॅम, म्हणजे चमचाभर. एकटा मेंदूच तासाला तेवढे संपवतो. माणूस चढ चढू लागला की स्नायूंची ओढ कितीतरी पटींनी वाढते. तरीही निरोगी माणूस उपाशीपोटी तासभर भरभर चालून आला तर त्याची साखर फारशी हलत नाही, कारण खर्च होते तेवढी यकृत भरून काढत असते. 60 किलो वजनाच्या माणसाचे यकृत स्वस्थ बसल्या वेळी तासाला साधारण 7 ग्रॅम ग्लुकोज सोडते. व्यायामाचा जोर वाढेल तसे दुप्पट, चौपट, कधी त्याहूनही जास्त.

स्नायूंकडे साठा मोठा, सुमारे 400 ग्रॅम ग्लायकोजेन. यकृताकडे 100 ग्रॅमच्या आसपास. पण ग्लायकोजेनपासून मोकळे ग्लुकोज करून रक्तात सोडायला ग्लुकोज-6-फॉस्फटेज हे विकर लागते आणि ते स्नायूंत नसते. स्नायू म्हणजे आपल्यापुरती भरलेली कणगी. शेजाऱ्याला त्यातले पसाभरही मिळत नाही. स्नायू बाहेर सोडतात ते लॅक्टेट. यकृत ते उचलते आणि त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने हे चक्र उलगडले. ग्लायकोजेनवरील कामासाठी 1947 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. व्यायाम लांबत जातो तसा यकृतातला साठा आटतो आणि लॅक्टेट, ग्लिसरॉल, अमिनो आम्ले यांपासून घडवलेल्या ग्लुकोजचा वाटा वाढतो. या कामाला लागणारी ऊर्जा यकृत चरबी जाळून मिळवते.

यकृत साखर तयार करते हे क्लॉद बर्नार यांनी पॅरिसमध्ये 1848 मध्ये दाखवले. प्राण्यांचे शरीर साखर घडवू शकत नाही, ते काम वनस्पतींचे, अशी तोवर समजूत होती. 1855 मध्ये त्यांनी कुत्र्याच्या यकृतातून पाणी खेळवून सारी साखर धुऊन काढली आणि ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती. या प्रयोगाला दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपण रुग्णाला अजून एकच प्रश्न विचारतो: "काय खाल्लं होतं?"

पुण्यातले एक निवृत्त गृहस्थ रोज पहाटे पर्वती चढत. एकदा ते चिडूनच दवाखान्यात आले. "डॉक्टर, पोटात अन्नाचा कण नाही, तरी उतरल्यावर शुगर वाढलेली. मग चढायचं कशाला?" एका ठिकाणी त्यांना चढणे थांबवण्याचा सल्लाही मिळाला होता. त्यांना टाइप 2 मधुमेह होता आणि या प्रकारात यकृतावरचा इन्सुलिनचा लगाम सैल असतो. पहाटे कॉर्टिसॉल चढते असते. उभ्या चढाने अॅड्रिनलिनची भर पडते. यकृत साखर ओतते आणि ती घटकाभर खपत नाही. गृहस्थांनी चढणे सोडले नाही, जेवणानंतर फेरी मारण्याची तेवढी भर घातली. पुढच्या तपासणीत त्यांची तीन महिन्यांची सरासरी उतरलेली होती. व्यायामाने साखर वाढते म्हणून तो घातक, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना वक्त्याचे उत्तर हे गृहस्थ आहेत.

दुसरे उदाहरण कोल्हापूरकडच्या एका कबड्डीपटूचे. टाइप 1 मधुमेह, संध्याकाळचा कडक सराव आणि मध्यरात्री घामाने चिंब होऊन बेशुद्धी. मुलगी कच्ची आहे, असे प्रशिक्षकाने घरच्यांना सांगितले. ती मुळीच कच्ची नव्हती! निरोगी शरीरात व्यायाम सुरू झाला की इन्सुलिन उतरते, यकृताला साखर सोडायला लावणारे ग्लुकॅगॉन चढते आणि दोन्ही निरोप यकृतद्वार शिरेतून आधी यकृताला मिळतात. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड वासरमन यांच्या गटाने कुत्र्यांवरील प्रयोगांत हे बारकाईने तपासले. हाताच्या शिरेतले रक्त पाहून ग्लुकॅगॉनला बिनकामाचे ठरवणाऱ्यांनी ते प्रयोग पुन्हा वाचावेत. त्या मुलीचे इन्सुलिन कातडीखाली टोचलेले होते. सराव सुरू झाला म्हणून ते मागे हटणार नव्हते. यकृत अडवलेलेच राहिले आणि रात्रभर रिकामे स्नायू साखर ओढत राहिले.

उपाशीपोटी व्यायामाचा वादही यकृताला विचारूनच मिटतो. 1973 मध्ये स्वीडनमध्ये निल्सन आणि हुल्टमन यांनी स्वयंसेवकांच्या यकृताचे नमुने सुईने काढून तपासले. दिवसभराच्या उपासाने यकृताचा साठा जवळजवळ संपला होता. एका रात्रीच्या उपासात एवढी वेळ येत नाही, म्हणून निरोगी माणसाने पहाटे उपाशी चालावे, बिघडत नाही. नवरात्राचा कडक उपास धरून लांब पल्ल्याची शर्यत धावणे ही गोष्ट वेगळी. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 1924 साली शर्यत संपवून गळून गेलेल्या काही धावपटूंची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी शर्यतीआधी पिष्टमय आहार आणि वाटेत गोळ्या-मिठाई देताच चित्र पालटले. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने तर आकडा पाहिल्याशिवाय उपाशी पळूच नये.

या अधिवेशनाने प्रशिक्षकांसाठी मराठीत एक पुस्तिका काढावी. कोणी लिहायची, खर्च कोठून करायचा, हे कार्यकारिणी ठरवील. कुस्तीच्या तालमी, कबड्डीची मैदाने आणि वारीची वाट येथल्या नोंदी व्यवस्थित ठेवण्याची काही सोयही व्हायला हवी. तिचा आराखडा पुढे करता येईल. तोवर निदान व्यायामानंतरचा आकडा घेऊन समोर बसलेल्या माणसाला शेवटचे कधी खाल्ले, किती जोर लावला आणि इन्सुलिन किती वाजता घेतले, हे तीन प्रश्न आपण उद्याच्या ओपीडीपासून विचारू लागावे, ही विनंती.