एका कॅमेऱ्याची कैफियत

माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी कचेऱ्या आहेत, न्यायालये आहेत, आणि दुसरे कोणी नसले तर शेजारी आहेतच. निर्जीव वस्तूंच्या वाट्याला मात्र यांपैकी काहीच येत नाही. छत्री निमूटपणे बसगाडीत विसरली जाते, लेखणीला कान कोरण्याचे काम करावे लागते, आणि चष्मा ज्याच्या कपाळावर असतो तोच गृहस्थ घरभर चष्मा शोधीत हिंडतो. तरीही यांपैकी कोणी ब्र काढीत नाही. चोपडे गावातील एका कॅमेऱ्याने मात्र ही परंपरा मोडली आणि आपल्या मालकाविरुद्ध रीतसर फिर्याद दाखल केली.

चोपडे हे पेडणे तालुक्यातील गाव शापोरा नदीच्या उत्तर तीरावर वसले आहे. समोरच्या तीरावर बार्देश तालुक्यातील शिवोली. पूर्वी या दोन गावांना फेरीबोट जोडीत असे, आता पूल जोडतो. फिर्यादीचा मालक रोज याच पुलावरून म्हापशाला नोकरीस जातो. वय पन्नाशीच्या आत, स्वभाव सज्जन, हौस दांडगी आणि अनुभव शून्य. आखातात नोकरी करणाऱ्या त्याच्या मामेभावाने सुट्टीवर येताना हा डिजिटल कॅमेरा आणून दिला, आणि त्या दिवसापासून कॅमेऱ्याचे ग्रह फिरले.

फिर्याद चालली ती माजघरातील लाकडी कपाटात. न्यायासनावर होता वरच्या फळीवरील वडीलधारा रहिवासी, मालकाच्या वडिलांचा जुना अ‍ॅग्फा क्लिक थ्री. बडोद्यास बनलेला हा साधा पेटीसारखा कॅमेरा. एका रिळात बारा चौकोनी चित्रे, मागल्या बाजूस रिळाचा आकडा दाखविणारी लाल खिडकी, आणि फार विचारात पाडतील अशा कळा नाहीत. एकेकाळी भारतातील असंख्य घरांची बारशी आणि लग्ने याच जातीच्या कॅमेऱ्याने टिपली.

“बोल बाळ,” वृद्ध म्हणाला, “पण एक-एक करून बोल. माझ्या काळी एकदम दहा चित्रे निघत नसत.”

“आजोबा,” फिर्यादीने सुरुवात केली, “माझ्याबरोबर दीडशे पानांची माहितीपुस्तिका आली. तिचे वेष्टन अजून फाडलेले नाही. कळ दाबली की चित्र निघते, एवढेच मालकाला ठाऊक. या गैरसमजाचे मूळ शोधावे तर १८८८ पर्यंत जावे लागेल. त्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने कोडॅक कॅमेरा विक्रीस काढला. शंभर चित्रांचे रीळ आत भरलेलेच असे. रीळ संपले की गिऱ्हाइकाने अख्खा कॅमेरा कारखान्यात धाडायचा आणि तयार चित्रांची वाट पाहायची. तेव्हापासून माणसाची समजूत झाली की पाहण्याचे कामही कॅमेराच करतो.”

“ही पहिली तक्रार. दुसरी?”

“दुसरी कलण्याची. नदीकाठाने मोरजीच्या बाजूस गेले की पलीकडच्या टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला दिसतो. पोर्तुगिजांनी तो १७१७ साली बांधला, मराठ्यांनी १७३९ साली जिंकून घेतला. पण एवढ्या धामधुमीत जे कोणाला साधले नाही ते आमच्या मालकाने एका बोटाने साधले. त्याने तो किल्ला कलंडविला. कळ दाबताना उजवा हात खाली दबतो, आणि चित्रात किल्ला, माड, समुद्र सारे घसरू लागतात. समुद्राचे सारे पाणी अजून मोरजीच्या बाजूस कसे सांडले नाही, याचे मला नवल वाटते.”

तिसरी तक्रार शिवोलीच्या जागोराची होती. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी हा उत्सव होतो, आणि हिंदू व ख्रिस्ती दोघेही त्यात भाग घेतात. मालक तेथे गेला, पन्नास हात मागे उभा राहिला आणि फ्लॅशवर फ्लॅश उडवीत राहिला. कॅमेऱ्यातील या इवल्याशा दिव्याचा प्रकाश फार तर सात-आठ हातांवरच्या वस्तूला पुरतो. पन्नास हातांवरच्या सोंगांना तो कोठून पुरावा? परिणामी रंगमंच काळोखात बुडाला आणि पुढल्या रांगेतील एका प्रतिष्ठित गृहस्थाचे टक्कल तेवढे पौर्णिमेच्या चंद्रासारखे उजळून निघाले. अशी चित्रे एकंदर बेचाळीस निघाली.

चौथी तक्रार पावसाची. २४ जूनला सांजांव असतो. डोक्यावर पानाफुलांची कोपेले घातलेली माणसे सजविलेल्या होड्यांतून शिवोलीस येतात आणि भर पावसात गाणी म्हणतात. मालकाने कॅमेऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले, हे ठीक केले. मात्र भिंगासमोर पिशवीला भोक पाडावयास तो विसरला. त्या दिवशीच्या सर्व चित्रांत सांजांव धुक्यात साजरा झालेला दिसतो. घरी आल्यावर ओल जावी म्हणून त्याने कॅमेरा रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.

“तांदळाच्या?” वृद्ध दचकला.

“उकड्या तांदळाच्या! त्याचा कोंडा अजून माझ्या सांध्यांत आहे. या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते, आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ओल शोषणाऱ्या खड्यांची एक पुडी आणि घट्ट झाकणाचा डबा एवढ्याने भागते. भात शिजविण्याची गरज नसते.”

पाचवी तक्रार संख्येची होती. दोन वर्षांत चार हजार चित्रे निघाली. शेजाऱ्याच्या एकाच म्हशीची सदतीस, सूर्यास्ताची सहाशेवर. यांपैकी एकही चित्र पुन्हा उघडून पाहिले गेले नाही. “मला श्रमाचे दुःख नाही,” फिर्यादी म्हणाला, “पण जे एकदाही पाहिले नाही आणि पुढेही पाहायचे नाही, ते काढावयाचे कशाला?”

वृद्ध कॅमेऱ्याने घसा साफ केल्यासारखा आवाज केला. “अरे, या तालुक्याच्या नावाची तरी लाज राखायला हवी होती. येथून जवळच्या मांद्रे गावी भाऊ दाजी लाड यांचा जन्म झाला. त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे आपल्या देशातील अगदी पहिल्या छायाचित्रकारांपैकी. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली निघाली, तिच्या कामात ते पुढे होते. त्या काळी काचेवर रसायन ओतून, ती ओली आहे तोवर चित्र घ्यावे आणि ती सुकण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत धुवावे लागे. एका चित्रापायी घामाघूम होणारा माणूस म्हशीची सदतीस चित्रे काढीत नाही. आता सहावी तक्रार असेल तर सांग.”

फिर्यादी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सहावी सांगावी की नाही, कळत नाही.”

मालकाची आई पंचाहत्तरी ओलांडलेली आहे. आठवड्यापूर्वी जेवण वाढताना ती सहज म्हणाली, “पुता, ह्यांच्या शेजारी लावायला माझा एक बरा फोटो काढून ठेव. मागाहून धावपळ नको.”

“आई, असलं काय बोलतेस?” मालक म्हणाला, पण रविवारी त्याने तिला नवे लुगडे नेसवून नदीकाठी नेले. पाठीमागे मावळतीचे लखलखीत आकाश हवे, असा त्याचा हट्ट. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक उजेड आणि अंधार यांची सरासरी धरतो. मागे एवढे झगझगीत आकाश असले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो सारेच चित्र काळवंडून टाकतो. आकाश केशरी आले, पाणी सोनेरी आले आणि आईच्या जागी काळोखाची एक आकृती उभी राहिली.

आईने चष्मा लावून चित्र पाहिले. “आकाश छान आलं आहे,” ती म्हणाली. “पण ही बाई कोण?”

त्या रात्री मालकाने चारही हजार चित्रे प्रथमच उघडून पाहिली. कोठे आईचे कोपर होते, कोठे लुगड्याचा काठ, कोठे चुलीकडे वळलेली पाठ. एका चित्रात ती पूर्ण होती, पण कळ दाबताना हात हलला होता. चेहरा असा एकही नव्हता.

“आजोबा, दोष त्याचा, पण चित्र माझ्यातून निघाले. उद्या त्या माउलीचे काही बरेवाईट झाले तर लोक भिंतीवर काय लावणार? म्हैस?”

कपाटात बराच वेळ शांतता होती. मग वृद्ध म्हणाला, “त्याच्या बापाची गोष्ट ऐक. तोही असाच होता. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन तो चोपड्याच्या धक्क्यावर आला. माझ्यात नवे रीळ. एका चित्रात तिचे डोके कापले, दुसऱ्यात बोट भिंगापुढे आले, तिसऱ्यात फेरीबोट आली आणि बायको राहिली. बारापैकी अकरा वाया गेली. लाल खिडकीत बाराचा आकडा दिसला तेव्हा तो थबकला. फेरीबोट लागली, त्याने जाऊ दिली. दुसरी लागली, तीही जाऊ दिली. ती लाजत होती, मान वर करीत नव्हती. ती वर पाहीपर्यंत तो उभा राहिला. ते एकच चित्र आले. तेही निर्दोष नाही. दोष कोणता, ते त्या भिंतीला विचार.”

योगायोग असा, की मालक त्याच वेळी त्या भिंतीसमोर उभा होता. वडिलांच्या हार घातलेल्या तसबिरीखाली ते चौकोनी चित्र जन्मापासून त्याच्या डोळ्यांसमोर होते. धक्क्यावर उभी असलेली नववधू, उन्हाने किंचित बारीक झालेले डोळे, आणि तिच्या पायांपर्यंत पसरलेला एक काळा डाग. कागद जुना झाल्यामुळे डाग पडला असावा, असे तो समजत आला होता. आज त्याने दिवा जवळ नेला. डागाला खांदे होते. दोन्ही कोपरे बाहेर काढून, डोळ्याशी काहीतरी धरून वाकलेला तो एक माणूस होता.

“आई, ही सावली कोणाची?”

“तुझ्या बाबांची,” आई अंथरुणातून म्हणाली. “सूर्य पाठीमागे घ्यायचा, एवढंच कोणीतरी त्यांना शिकवलं होतं. सावली पुढे पडते ते शिकवलं नव्हतं. म्हापशाचा फोटोवाला म्हणाला, कापून देतो. मी म्हटलं, कापू नको. आम्हा दोघांचा एवढाच तर फोटो आहे.”

दुसऱ्या दिवशी मालक कामावर गेला नाही. मे महिन्याची सकाळ होती. आई सोप्यावरच्या सावलीत बसून भिरंडे फोडून सोले वेगळी करीत होती. अंगणातल्या उन्हाचा उजेड मऊ होऊन तिच्या तोंडावर येत होता. मालक समोर बसला, कॅमेरा त्याने मांडीवर ठेवला आणि अर्धा तास कळीला हात लावला नाही. त्याने आईला धक्क्याविषयी विचारले, फेरीबोटीविषयी विचारले. ती बोलत राहिली, हात चालत राहिले, आणि कॅमेरा आहे हे ती विसरली.

“बाबा नेमके कुठे उभे होते गं?”

आईने हातातले काम थांबविले, मान वर केली आणि अंगणापलीकडे, नदीच्या दिशेने पाहिले. कॅमेऱ्याची कळ एकदाच वाजली.

चित्रात सोप्याचा खांब थोडासा कलला होता. म्हापशाच्या तसबिरीवाल्याने तो सरळ करून दिला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसून देतो म्हणाला, तेव्हा मालकाने त्याला थांबविले.

फिर्यादीचा निकाल त्याच संध्याकाळी लागला. सहावी तक्रार निकाली निघाली. पहिल्या पाच मात्र कायम आहेत, कारण पुस्तिकेचे वेष्टन अजून फाडलेले नाही, आणि परवाच म्हशीला रेडकू झाल्यामुळे मालक पुन्हा बाहेर पडला होता.

आईची तसबीर तयार आहे. पण भिंतीवर लावलेली नाही. घाई नाही, असे आईच म्हणाली. सध्या ती जुन्या मऊ धोतरात गुंडाळून कपाटात, दोन कॅमेऱ्यांच्या मधोमध ठेवली आहे. अधूनमधून आई स्वतःच कपाट उघडते, तसबीर बाहेर काढून पाहते, पदराने काच पुसते आणि पुन्हा जागेवर ठेवून देते.